गाळावरची साय

यंत्र घ्यायला निनाद गलांडे एकटाच बारामतीला जाणार होता. पण इंदापुरात, त्यातून एकाच आळीत राहून, दाजींपासून असली गोष्ट लपवणं शक्य नव्हतं. सकाळी तो हेल्मेट घेऊन बाहेर आला तर मयूरीताईचा नवरा, अभिजित देवकाते, फाटकाशी स्वतःच्या गाडीवर मांड टाकून तयार.

"काय मेव्हणं, एकटेच? मुलगी बघायला निघाल्यासारखे गुपचूप?"

"दिशादर्शक बघायला चाललोय, दाजी."

"तेच ते. घरचं कुणीतरी मोठं बरोबर असावं. चला."

दाजींनीच त्याला गाडी शिकवली होती. डांबरी रस्त्यावरची नव्हे, ती कुणीही शिकतं. माळावरची, ओढ्यातली, मुरमातली. आणि उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरलं की उघड्या पडणाऱ्या धरणाच्या पात्रातली. विजेच्या गाड्या आल्यापासून या खेळातला आवाज गेला होता, पण धोका वाढला होता. मूठ पिळताक्षणी सगळी ताकद चाकाला मिळते, आणि गाळात ती ताकद गाडीला जितक्या लवकर बाहेर काढते तितक्याच लवकर आत पुरते.

दुकान तौफिक इनामदारचं. तौफिक त्यांच्याच क्लबचा, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून कुणी कुणाचा मान ठेवण्याचा प्रश्न नव्हता. त्याने काउंटरवर दोन यंत्रं मांडली. दोन्ही तळहाताएवढी, पाण्यात बुडाली तरी चालणारी, हातमोजे घालून दाबता येतील अशा जाड बटणांची.

"हे मागोवा. दाजींकडे आहे तेच, फक्त नवं. आणि हे स्वैर. नजर दोघांची सारखीच."

नजर म्हणजे काय, हे निनादला सांगायची गरज नव्हती. तो माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करत होता आणि हा विषय त्याच्या आवडीचा होता. उपग्रहाकडून निघालेली लहर यंत्राला दोनदा भेटते. एकदा थेट आकाशातून, आणि एकदा जमिनीवर आपटून परतताना. कोरडी माती लहर बरीचशी गिळून टाकते. ओली माती आरशासारखी परत फेकते. त्या दोन लहरी शेजारी शेजारी ठेवल्या की पुढची जमीन किती ओली आहे याचा अंदाज चालत्या गाडीवर मिळतो. आधीची यंत्रं फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगत. ही यंत्रं तुम्ही कुठे जाऊ नये तेही सांगू लागली.

पण ही लहर जमिनीत चार बोटांपलीकडे जात नाही. गाळ वरून वाळतो, त्याच्यावर दुधासारखी साय धरते, साय तडकते, आणि खाली मात्र महिनोन् महिने लापशी तशीच राहते. उपग्रहाला साय दिसते. लापशी कळते ती फक्त चाकाला. म्हणून या यंत्रांनी चाकालाही कामाला लावलं होतं. पुढच्या शॉकअपवर बोटाएवढं एक उपकरण बसतं. चाक किती दबलं, किती उशिरा वर आलं ते मोजतं, आणि एकाच्या चाकाला जे कळलं ते सगळ्यांच्या नकाशावर उमटतं. हिरवं, पिवळं, लाल.

"फरक इथे आहे," तौफिकने स्वैरचं कडेचं बटण दाबून दाखवलं. "मौन. हे दाबलं की तुझ्या चाकाला जे कळेल ते तुझ्यापाशीच राहील. दुसऱ्यांचं तुला येतच राहील. शर्यत संपली की मौन सोडायचं. आयोजकांनी यंदा परवानगी दिलीय."

"म्हणजे पंगतीत बसून जेवायचं, पण वाढायला उठायचं नाही," दाजी म्हणाले.

"तसं नाही, दाजी. मागोवा आल्यापासून शर्यत राहिलीय का? पहिला गेला की त्याची वाट हिरवी होते, आणि मागून सगळे त्याच पट्ट्यावरून रांगेने. रेशनच्या दुकानासमोर उभे असल्यासारखे."

"ते मात्र खरं आहे."

"ज्याने वाट शोधली त्याला काय मिळतं मग?"

"शोधल्याचं समाधान मिळतं. आणि दरवर्षी कपही मिळतो, पण तो आम्हालाच मिळतो ही तुमची तक्रार आहे," दाजी हसले. "घ्या, मेव्हणं, घ्या. तोंड बंद ठेवून तरी जिंकताय का बघू."

निनादने स्वैर घेतलं. कारण विचारलं असतं तर त्याने खेळाच्या निखळपणाबद्दल बरंच काही सांगितलं असतं. खरं कारण लहान होतं. क्लबमध्ये त्याला अजूनही देवकात्यांचा मेव्हणा म्हणत. बक्षीस समारंभाच्या फोटोत तो नेहमी दाजींच्या खांद्यामागे असायचा. एकदा, एकदाच, दाजींनी त्याच्या खांद्यामागे उभं राहावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती इतकी पोरकट होती की स्वतःशीसुद्धा ती त्याने धड शब्दांत मांडली नव्हती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी सरावासाठी पात्र मोकळं होतं. मे महिना. पाणी दूर एका चकचकीत रेघेएवढं उरलं होतं. काठाकडच्या ओलसर पट्ट्यांत गाळपेर झाली होती. पाणी ओसरलं की धरणग्रस्त कुटुंबं उघड्या गाळात कलिंगड, काकडी लावतात, त्याला गाळपेर म्हणतात. वेलांमध्ये माणसं वाकून काम करत होती. त्यापुढे नुसतं तडकलेलं पात्र, शिंपल्यांचा चुरा आणि ऊन.

शर्यतीचा नियम सोपा होता. या टोकाच्या झेंड्यापासून त्या टोकाच्या झेंड्यापर्यंत जायचं. वाट ज्याची त्याने निवडायची. सगळे उजवीकडून, जुन्या मुरमाड उंचवट्यावरून वळसा घालत. नकाशावर तो पट्टा गर्द हिरवा होता. निनादने मौन चालू केलं आणि डावीकडे वळला. दोन टेकाडांमधून सरळ गेलं तर वळसा वाचत होता. उपग्रहाच्या नजरेला तिथली जमीन कोरडी होती. चाकाची साक्ष मात्र अजून कुणाचीच नव्हती.

जमीन छान धरत होती. तो वेग वाढवत गेला. आणि दुसऱ्या टेकाडाच्या पायथ्याशी पुढचं चाक अचानक खाली गेलं. खड्ड्यात जातं तसं नव्हे, गादीत बसावं तसं, मऊ. वेगामुळेच गाडी पलीकडे निघाली. मागचं चाक क्षणभर फिरत राहिलं, मग त्याला कड सापडली.

तो थांबला आणि चालत मागे आला. इतर ठिकाणी तडे जाळीसारखे होते, वेडेवाकडे. इथे ते गोल होते. बैलगाडीच्या चाकापेक्षा बरंच मोठं वर्तुळ, आणि त्याच्या चाकाचा माग त्या वर्तुळाच्या कडेवरून गेलेला. यंत्राच्या पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता.

विहीर होती ती. धरणाआधी इथे गाव होतं, गावाला मळे होते, मळ्यांना विहिरी. कठड्याचे दगड लोकांनी नेले आणि विहीर वर्षानुवर्षं गाळाने भरत गेली. आजूबाजूची जमीन वाळून घट्ट झाली तरी विहिरीतला गाळ वाळायचा कसा? वर चार बोटं साय आणि खाली पुरुषभर खोल लापशी. निनादने टाच दाबून पाहिली. साय पापडासारखी हलली.

पात्रात गाडी घालणाऱ्यांची एक जुनी रीत होती. फसवी जागा ज्याला आधी कळेल त्याने तिथे खूण बांधायची. बाभळीची फांदी, तिला रुमाल, आणि फांदी कडेला रोवायची. शर्यत असो, वैर असो, खूण न बांधता पुढे जायचं नाही. जुन्या लोकांच्या पिशवीत फांदी असायचीच. मागोवा आल्यापासून कुणी फांद्या बाळगत नव्हतं. लाल ठिपका आपोआप सगळ्यांना जायचा, मग उन्हात झाड शोधत कोण फिरणार? आणि यंत्राच्या भरवशावर रीत सुटली होती, हे निनादच्या त्या क्षणी ध्यानात आलं, कारण त्याचं यंत्र गप्प होतं.

टेकाडावर दोन-तीन बाभळी होत्या. गळ्याला रुमाल होता.

त्याने विचार केला, आणि तो विचार त्याला पुढे शब्दन् शब्द आठवत राहिला. खूण दिसली की कुणीतरी बघायला येणार. आला की वाट दिसणार. शिवाय या बाजूला दुसरं येतंय कोण? उद्या दुपारी शर्यत संपली की मौन सोडू, ठिपका जाईल सगळ्यांना. एका दिवसाचा तर प्रश्न.

त्याने रुमालाने घाम पुसला आणि गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी शर्यत सुटली तेव्हा सगळे उजवीकडे गेले आणि निनाद एकटा डावीकडे. मागून कुणीतरी शिट्टी घातली. विहिरीपाशी तो चांगलं अंतर सोडून, आदल्या दिवशीच्या मागाच्या डावीकडून गेला आणि टेकाड ओलांडलं. समोर लांबवर झेंडा दिसत होता आणि उजवीकडच्या उंचवट्यावर अजून कुणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे होता. त्याला हसू आलं.

पडद्यावर संकटाची खूण उमटली. अभिजित देवकाते. जागा: दोन टेकाडांमध्ये.

वळावं की नाही असा विचार त्याच्या मनात आला नाही, एवढं तरी त्याला नंतर स्वतःबद्दल सांगता आलं. तो वळला. पोहोचला तेव्हा दाजी छातीपर्यंत गाळात होते. गाडी आडवी होऊन अर्धी बुडालेली, तिचं वजन त्यांच्या मांडीवर. दोन्ही हात त्यांनी सायीवर पसरून ठेवले होते, हलायचं नाही हे त्यांना माहीत होतं. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच.

"हळू ये. कडेला थांब. पाय मोडलाय बहुतेक."

निनाद पालथा झाला आणि सरपटत गेला. त्यांच्या जॅकेटची कॉलर त्याने दोन्ही हातांनी धरली.

"तुम्ही इकडे कशाला आलात, दाजी?"

"तुझा माग दिसला कालचा." निनादच्या मागच्या टायरच्या रबरी उंचवट्यांची एक रांग कापलेली होती, गाळात पकड चांगली बसते म्हणून दाजींनीच ती कापून दिली होती. तो माग तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. "सुटताना तू डावीकडे वळलास, म्हटलं हा काल येऊन बघून गेलेला दिसतोय. म्हटलं मेव्हणा गेलाय, म्हणजे जमीन धरते. मीही मागून वळलो." त्यांनी दम घेतला. "तुला काल काही जाणवलं नाही का रे इथे?"

प्रश्नात आरोप नव्हता. पडलेला माणूस पायाखालचा दगड कुठला होता ते बघतो, तसं ते विचारत होते. पुढे त्यांनीच उत्तरही देऊन टाकलं. "वेगात असशील. कडेवरून गेलायस. कळलं नसेल."

"हो," निनाद म्हणाला.

एका हाताने कॉलर धरून त्याने दुसऱ्या हाताने मनगटाला बांधलेल्या स्वैरचं बटण दाबून मौन सोडलं. कालची सगळी साक्ष, चाकाच्या प्रत्येक दबण्याची, आकाशात गेली आणि सगळ्यांच्या नकाशावर उतरली. विहिरीचं लाल वर्तुळ, आणि त्याच्या भोवतीची भक्कम जमीन हिरवी. गाळपेरीतल्या लोकांच्या फोनवरही तो नकाशा होता. त्यांनी ट्रॅक्टर आणला तो नेमका हिरव्यातून, वर्तुळाच्या काठापर्यंत. आडव्या टाकलेल्या शिडीवरून दोन बायका सरपटत आल्या, त्यांनी दाजींच्या काखेतून दोर घातला. गाडी आधी उचलली, मग माणूस. दोर ताणला तेव्हा दाजींनी निनादचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की ते सोडवायला दुसऱ्या कुणालातरी बोटं उघडावी लागली.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालतील. पुन्हा गाडीवर बसता येईल का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि दाजींनी विचारलं नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मयूरीताईने निनादचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. लहानपणी तो पडला की धरायची तसा. त्याच्या कानामागे अजून गाळ होता. तिने तो पदराने पुसला.

"तू वळला नसतास तर?" ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, अजून थोडा वेळ गेला असता तर छातीवरच्या दाबाने श्वास अडकला असता. तू जिंकत होतास ना? तौफिक सांगत होता. जिंकत असताना वळलास."

"ताई..."

"काही बोलू नकोस. आधी चहा घे."

तो चहा त्याने घेतला. तेव्हाच बोललो असतो तर, असं त्याला नंतर वाटायचं. पण 'नंतर' हे त्या व्हरांड्यातच सुरू झालं होतं. प्रत्येक तास आदल्या तासावर साय धरत गेला.

यंत्राची एक पद्धत होती. फसव्या जागेवर बोट ठेवलं की ती आधी कुणी कळवली त्याचं नाव आणि वेळ दिसे. वेळ लागे ती कळवल्याची, कळल्याची नव्हे. विहिरीच्या वर्तुळावर बोट ठेवलं की दिसायचं: निनाद गलांडे. वेळ शर्यतीच्या दिवसाची, दाजी बुडत असतानाची. जगाच्या दृष्टीने निनादने ती विहीर दाजींची कॉलर धरून मोजली होती. नकाशाखाली लोकांचे आभार जमत गेले. सांगोल्याचा कुणी, अकलूजचा कुणी, नगरहून आलेली मुलींची एक टोळी. तुमच्यामुळे आम्ही वळलो. तुमच्यामुळे वाचलो. शेवटचं वाक्य खरंच होतं, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागायचं. यंत्र मंगळवारी, शर्यतीच्या दिवशी, बोललं म्हणून इतके वाचले. सोमवारी बोललं असतं तर एक माणूस आणखी वाचला असता, एवढाच हिशेब.

तो रोज सकाळी दाजींकडे जायचा. त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात. दाजी जड होते आणि दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकून स्वतःला सोडून द्यायचे.

"मेव्हणं, लग्नात तुम्ही कान पिळलेत, आता उचलताय. तुमचा मान वाढत चाललाय," असं काहीतरी ते म्हणायचे.

निनाद हसायचा. पायाची पट्टी बदलताना दाजी डोळे मिटून घेत, तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा. एकदा दाजींनी सहज विचारलं, "तुझं ते स्वैर कसं आहे रे? घ्यावं म्हणतो. पुढच्या वर्षी बसलोच तर." निनाद म्हणाला, बरं आहे. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला.

पावसाळा संपताना क्लबची सभा बोलावली गेली. अध्यक्ष पद्माताई भोंग, निवृत्त क्रीडाशिक्षिका. शाळेतल्या मैदानावरचा आवाज त्यांनी निवृत्तीबरोबर परत केला नव्हता. विषय एकच होता. क्लबच्या सगळ्या सभासदांनी पुढच्या हंगामापासून एकच यंत्र वापरायचं. मागोवा की स्वैर?

शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दाजी कुबड्या घेऊन आले, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसले. मयूरीताई शेजारी. सभा सुरू होण्याआधी पद्माताईंनी निनादला पुढे बोलावून शाल घातली. टाळ्या झाल्या. फोटो काढताना दाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "मला मागे घ्या रे, त्याच्या खांद्यामागे," आणि सगळे हसले. तौफिकने त्यांची खुर्ची ओढून खरंच निनादच्या मागे आणली.

फोटो निघाला तेव्हा निनाद खाली शालीच्या काठाकडे बघत होता.

चर्चा सुरू झाली. बरेच जण मागोवाच्या बाजूने होते. अपघाताची आठवण ताजी होती. मग दाजी बोलले. त्यांचं मत सगळ्यांनाच हवं होतं.

"माझ्या पायावरून यंत्र ठरवू नका," ते म्हणाले. "चूक माझी होती. नकाशावर साक्ष नसलेल्या जागेत मी घुसलो. स्वैर घ्या. वाट शोधणाऱ्याची वाट त्याची राहू दे थोडा वेळ. नाहीतर हा खेळ उरत नाही. आणि मौन असलं म्हणून माणूस माणसाला मरू देत नाही. याच्याचकडे होतं ना स्वैर? वेळ आली तेव्हा बोललाच की." त्यांनी निनादकडे हात केला.

माना डोलल्या. दाजींच्या पायाकडे बघून त्यांच्या शब्दाला नाही म्हणणं अवघड होतं. पद्माताई म्हणाल्या, "मग हात वर करून घेऊ या."

पुढच्या मे महिन्यात पात्रात किती जण मौन चालू करून उतरतील, ते निनादला त्या बसलेल्या तोंडांवरून मोजता येत होतं. त्यातल्या कुणी ना कुणी कुठल्यातरी गोल तड्यांपाशी उभं राहून रुमालाने घाम पुसला असता. तो उठला. शाल खांद्यावरून घसरली, ती त्याने उचलली नाही.

"स्वैर घेऊ नका," तो म्हणाला. "विहीर मला आदल्या दिवशी कळली होती."

कुणाला नीट समजलं नाही.

"सरावाच्या दिवशी. मौन चालू होतं. मी खाली उतरून बघितलं, विहीर आहे हे ओळखलं. सांगितलं नाही. खूणही बांधली नाही. वाट दिसेल म्हणून. शर्यतीत मी स्वतः तिला वळसा घालून गेलो." बाहेर पत्र्यावरून पावसाचं पाणी निथळत होतं. "मी काही वेगळा माणूस नाही. बटण होतं, दाबलं. तुम्हीही दाबाल."

दाजींनी पाय खुर्चीवरून खाली घेतला. त्याला बराच वेळ लागला. मयूरीताईने मदतीला हात पुढे केला नाही; ती निनादकडे बघत होती, ओळखीचं माणूस गर्दीत शोधावं तसं.

"गाळात मी तुला विचारलं होतं," दाजी म्हणाले.

"हो."

"तेव्हा तू हो म्हणालास."

"तेव्हाही माहीत होतं मला."

"रोज सकाळी उचलायला येत होतास."

पद्माताईंनी घसा साफ केला आणि, आयुष्यभर शिट्टी वाजवून भांडणं थांबवलेल्या बाईला जे सुचावं तेच त्यांना सुचलं. त्या म्हणाल्या, "मागोवाच्या बाजूने कोण?"

एकेक करून हात वर आले. निनादचाही.

"विरोधात?"

दाजींनी हात वर केला. एकट्यांनी.

"अहो, असं काय करता," तौफिक पुढे झाला. "आत्ता ऐकलंत ना? याच्याकडे मागोवा असता तर तुमचा पाय वाचला असता."

"वाचला असता. म्हणूनच तुम्ही सगळे मागोवा घ्या. माझं मत चुकतंय ते मला कळतंय." ते तौफिकशी बोलत होते, पण बघत निनादकडे होते. "मागोवा असता तर त्या दिवशी लाल ठिपका आला असता आणि मी म्हटलं असतं, मेव्हणा चांगला निघाला. मरेपर्यंत तेच म्हणत राहिलो असतो. याने काय केलं असतं ते मला कधी कळलंच नसतं." ते थांबले. "यालाही कळलं नसतं."

पद्माताईंनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या. नेहमी अशा सभांनंतर चहा होतो. चहा आला, पण लोक कप हातात घेऊन बाहेर पागोळ्यांखाली जाऊन उभे राहिले. दाजींना निनादच घेऊन आला होता, त्याच्या प्रयोगशाळेच्या मोटारीतून. कुबड्या काखेत घेत दाजी म्हणाले, "तौफिक, आम्हाला घरी सोडतोस का रे?"

निनाद दारापाशी बाजूला झाला. दाजी त्याच्या अगदी जवळून गेले, कुबडी टेकत, पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते बघत. त्यांना मोटारीत बसवणं तौफिकला जमत नव्हतं. पाय आधी की धड आधी हे त्याला माहीत नव्हतं. निनादला माहीत होतं. दोन वेळा दाजींचा गुडघा दाराला लागला. निनाद हात मागे बांधून उभा राहिला, कारण आता ते हात पुढे करायची परवानगी त्याला होती की नाही ते त्याला कळेना.

शेवटी बसले. मयूरीताई दुसऱ्या बाजूने जायला निघाली आणि त्याच्यासमोर थांबली. तिचे डोळे कोरडे होते.

"सकाळी यायचं," ती म्हणाली. "नेहमीच्या वेळेला."

"ताई, मी..."

"माफ केलंय असं समजू नकोस. मी नाही केलं, यांचं मला माहीत नाही. पण मला एकटीला ते उचलवत नाहीत."

ती गाडीत बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

सकाळी तो गेला. दाराची कडी काढलेली होती. दाजी पलंगावर उठून बसले होते, पाय खाली सोडून, भिंतीकडे बघत. निनाद समोर वाकला. मग त्यांनी हात त्याच्या गळ्यात टाकले, पण या वेळी स्वतःला सोडून दिलं नाही. सगळा भार चांगल्या पायावर ठेवून, दात आवळून, ते जमेल तेवढे स्वतःच उठले, आणि निनादच्या वाट्याला त्यांच्या वजनातलं अगदी थोडं आलं.